यमुनाईची उजवी कूस

२ जुलै

दीपालीचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं असं, की जेवताना रोज माझं डोकं खाण्यापेक्षा वहीत लिहा, वही उलट बोलत नाही. मच्छीमार सोसायटीनं जानेवारीत वाटलेली डायरी कोरीच पडली होती. तिच्यावर आजवर फक्त आमच्या मांजरानं पाय उमटवले होते. आज उघडली.

लिहिण्यासारखं घडलंयही. बाळा भावोजींची बोट माझ्या शेडमध्ये आली. आठ वर्षं गोव्यात फायबरच्या बोटी बनवल्या, मग गावी येऊन स्वतःची शेड टाकली, आणि त्यानंतर काय केलं, तर पाण्याच्या टाक्या, मोटरसायकलचे मडगार्ड आणि एका हॉटेलवाल्याचा निळा डॉल्फिन. त्या डॉल्फिनकडे बघून लोक अजून हसतात. आता पहिल्यांदा खरी बोट, आणि तीही घरची. भावोजी म्हणजे माझ्या मालनताईचे यजमान. बोटीला ताईनं आईचं नाव दिलंय, ‘यमुनाई’. आई गेली त्याच वर्षी ती पाण्यात उतरली होती.

मेच्या शेवटी वारा एकाएकी फिरला तेव्हा सगळ्या बोटी बंदरात घुसायला धावल्या, आणि त्या गर्दीत दुसऱ्या एका बोटीचं तोंड यमुनाईच्या उजव्या कुशीवर बसलं. वरून बघाल तर काही नाही. तळहाताएवढी जागा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. भावोजी म्हणाले, “जरा चोपड न रंग मार. ऑगस्टच्या एक तारखेला मासेमारीची बंदी उठतेय, खलाशी येऊन बसतील.”

मी खिशातून दहाचं नाणं काढलं आणि कुशीवर वाजवत गेलो. चांगल्या जागी टणटण वाजतं. चिरांजवळ भद्द. चिरांच्या बाहेर वीतभर गेलो तरी भद्द. फायबरची बोट म्हणजे काचेच्या कापडाचे थर, एकावर एक रेझिननं चिकटवलेले. मार बसला की वरचा थर शहाण्यासारखा गप्प राहतो आणि आतले एकमेकांपासून सुटतात. जिथपर्यंत भद्द वाजलं तिथपर्यंत खडूनं रेघ मारली. सुपाएवढं वर्तुळ झालं.

भावोजी त्या वर्तुळाकडे बघत राहिले. म्हणाले, “एवढा?” मी म्हटलं, एवढा. ही अशीच समुद्रात गेली तर प्रत्येक लाटेला थर थोडे थोडे आणखी उघडतील आणि एक दिवस खोल पाण्यात कूस फाटेल. बोटीवर सहा माणसं असतात, त्यांचा म्होरक्या, तांडेल, स्वतः भावोजी.

५ जुलै

आज घासलं. लोकांना वाटतं भोक पडलं तेवढं बुजवायचं. तसं नसतं. मार लागलेलं सगळं काढून टाकायचं आणि चांगल्या भागालाही चहूबाजूंनी बशीसारखा उतार द्यायचा, म्हणजे नवे थर जुन्यांवर रुंद बसतात. जखमेपेक्षा चांगलंच जास्त घासावं लागतं, ते मालकाला बघवत नाही. म्हणून भावोजींना बोलावलं नव्हतं.

वडील, आमचे आबा, मात्र आले. पावसात छत्री धरून शेडच्या बाहेर उभे. ही शेड मुळात त्यांचीच. आबांनी, म्हणजे महिपत सुतारानं, बांधलेल्या लाकडी होड्या एके काळी मंडणगडच्या खाड्यांपर्यंत जायच्या. आता त्यांची हत्यारं माळ्यावर आहेत. मी ठेवली. त्यांना दम्याचा त्रास आहे आणि फायबरची धूळ वाईट, म्हणून आत येऊ नका असं मीच सांगून ठेवलंय.

बाहेरूनच म्हणाले, “असा उगडा टाकू नको रे रातभर. वल शिरंल.”

मी ग्राइंडर बंद न करताच हो म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मग मी ग्राइंडर बंद केला आणि म्हणालो, “आबा, हे लाकूड नाही.”

ते गेले. दीपाली म्हणते, एवढ्या मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. ग्राइंडर चालू असला की माणूस मोठ्यानंच बोलतो. बंद केला होता हे मला माहीत आहे, पण ते तिला कशाला सांगू?

ओलीचं मात्र आबा चुकीचं बोलले नाहीत. पावसाळ्यात फायबरचं काम म्हणजे हात दाखवून अवलक्षण. हवेत पाणी, कापडात पाणी. जागा कोरडी राहावी म्हणून दोन हॅलोजन लावून आलोय.

७ जुलै

पहिला जोड टाकला. सकाळी घासलेली जागा काळपट, ओलसर दिसत होती. दिवे रात्रभर असूनही. असिटोननं पुसली, आणखी तासभर दिवा धरला, मग थर चढवले, एकेक दाबून, हवेचा बुडबुडा राहू न देता. त्याच बादलीतलं रेझिन फळीच्या तुकड्यावरही टाकून ठेवलं, नमुना म्हणून. दुपारपर्यंत दोन्ही कडक. मी खूश.

दीपाली चहा घेऊन आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, “इथे मुशीच्या तेलाचा वास येतोय.”

म्हटलं, खाडीकाठी मुशीचा नाही तर काय अत्तराचा वास येणार? सगळी वाडी मासे सुकवते.

“तुमच्या नाकाला विचारून काय उपयोग,” ती म्हणाली. खरं आहे. गोव्यात रेझिनच्या वाफेत वर्षं काढली, त्यात नाक गेलं ते गेलंच. भाजी करपली तरी मी मिटक्या मारत खातो. संसाराला ते बरंच आहे.

९ जुलै

नाणं घेऊन गेलो. भद्द. जोडावर सगळीकडे भद्द.

कडेला पटाशी घातली आणि जरा उचकटली, तर तव्यावरची भाकरी सुटावी तसा अख्खा जोड हातात आला. खालची बाजू गुळगुळीत, आरशासारखी. जुन्या फायबरला तो धरलाच नव्हता. फळीवरचा नमुना मात्र असा चिकटलाय की फळी तुटेल.

बोटीखाली जमिनीवर बसून राहिलो. आठ वर्षांत असं झालं नव्हतं. गोव्यात असं कुणाचं झालं असतं तर मीच हसलो असतो.

१० जुलै

दीपकला फोन केला. रेझिन त्याचं, मुंबईहून ट्रकनं येतं, हातखंब्याला उतरवून घ्यावं लागतं. म्हटलं, तुझा माल पाणी घातलेला आहे.

तो शांतपणे म्हणाला, “फळीवर कडक झाला ना? मग वाईट कसा?”

त्यावर मी आणखी आवाज चढवला. शेवटी तो म्हणाला नवा ड्रम पाठवतो, पण पुढच्या वेळी दुसरीकडून घ्या. चांगल्या माणसाला दुखावलं असं वाटतंय. पण दोष कुठेतरी असणारच, आणि तो माझ्या हातात नाही. हात तेच आहेत.

१४ जुलै

नवा ड्रम आला. जागा पुन्हा घासली, आणखी रुंद. भावोजी येऊन बघून गेले. ते नुसतं बघून गेले की मला शिव्या दिल्यापेक्षा जड जातं.

दीपालीची कटकट चालू आहे. आबांचे कपडे तेलकट होतात, साबण पुरत नाही. म्हटलं, गुडघ्यांना लावत असतील, मीच सांगितलं होतं तेल चोळत जा म्हणून. गुण येतोय असं दिसतं. हल्ली पहाटे उठून पावसातसुद्धा फिरून येतात. गेल्या पावसाळ्यात पडवीची पायरी उतरत नव्हते. एक तरी गोष्ट घरात बरी चाललीय.

१७ जुलै

दुसरा जोड काल टाकला, आज वाजवला. वरच्या तीन बाजू टणटण, म्हणजे बऱ्यापैकी. खालचा कोपरा भद्द. खालीच का? पाणी खाली ओघळतं, म्हणजे ओलच. पण ती शिरते कुठून? पत्रा गळत नाही, ताडपत्री नवी आहे. मी सगळीकडे हात फिरवून बघितलं.

भावोजी रंगाचा डबा घेऊनच आले होते. ताई पण आली होती. मी त्यांना कोपरा दाखवला. ते म्हणाले, “तेवडाच ना? बाकी सगला धरलान ना? मंग मार वरना जेलकोट. माजी मानसा मोकली बसलीत.”

मी ताईकडे बघितलं. म्हटलं, ताई, तू वाजवून बघ. ती हसली. “माका काय कलतं त्यातला? तू पक्की बोलशील तर पक्की.”

मी पक्की म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. जेलकोट म्हणजे फायबरवरचा शेवटचा रंगीत थर, तो घोटला आणि मारला. पांढरी, गुळगुळीत, सुंदर कूस. जोड कुठे होता ते मलाही सांगता येणार नाही, इतकी सफाई. भावोजींनी पाठीवर थाप मारली.

१८ जुलै

काल जेवलो नाही. आज सकाळची पेज तशीच ठेवली. आबा बघत होते.

डोळ्यांसमोर एकच येतं. ऑगस्टचा समुद्र, भावोजी सुकाणूवर, माणसं जाळं ओढतायत, आणि तो खालचा कोपरा पाण्याच्या रेषेखाली हळूहळू सुटतोय. लाकडाची होडी बिघडायला लागली की कुरकुरते, गळते, आधी सांगते. फायबर सांगत नाही. आणि वरून मी तिला रंगवून ठेवलंय, म्हणजे सांगायचं असलं तरी सांगू नये अशी सोय.

दुपारी पटाशी घेतली आणि स्वतःच्या हातानं ती सुंदर कूस फोडली. कोपऱ्यातून सुरुवात केली, आणि काय सांगू, टणटण वाजणारं पण अर्धं त्याच्याबरोबर निघून आलं. म्हणजे तेही नुसतं टेकलेलं होतं, धरलेलं नव्हतं.  मी गप्प बसलो असतो तर.

१९ जुलै

भावोजी आले. बोटीला पुन्हा खड्डा बघून पडवीत उभ्याउभ्याच सुरू झाले. “नाचता येईना अंगन वाकडा! कदी रेझिन, कदी पाऊस! तुला येत नसंल तर सांग ना, मी दुसऱ्याकडं नेतंय.”

त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, “भावोजी, ओल शिरतेय. घासलेल्या जागेत कुठून तरी ओल शिरतेय, तेवढी थांबवता आली की झालं. मला आणखी एक संधी द्या.”

“नारली पुनवेपत्तूर. त्येच्या म्होरं नाय.”

आबा तिथेच बाकड्यावर बसलेले. सगळं ऐकत होते. भावोजी गेल्यावर म्हणाले, “मी बोल्लो व्हतो ना वल शिरंल.” मी म्हटलं, “हो आबा. बोलला होता तुम्ही.” त्यांना बरं वाटलेलं दिसलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचं म्हणणं मी कबूल केलं.

२४ जुलै

आज दिव्यांची अवस. काल तिसऱ्यांदा घासलं.

पहाटे पश्चिमेचा पाऊस आला, तिरका. ताडपत्री उडाली की काय म्हणून उजाडायच्या आधीच शेडकडे पळालो. हॅलोजनचा उजेड बाहेर आला होता, आणि त्या उजेडात आबा.

यमुनाईच्या कुशीजवळ पाटावर बसलेले. एका हातात मुशीच्या तेलाचा डबा, दुसऱ्या हातात नारळाचं सोडण. सोडण तेलात बुडवायचे आणि मी घासलेल्या जागेवर फिरवायचे, कडेकडेनं, मग मध्ये, एक तसूही सुटू न देता. आम्ही लहान असताना होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारायच्या आधी ते असंच करायचे. उघडं लाकूड पावसात ठेवायचं नाही, आधी तेल पाजायचं. बोलत होते बोटीशी. “पोरगा शिकलेला हाय गो, पन रातभर उगडी टाकतो तुला. आता नाय वल शिरायची. जिरू दे बरा.”

मी दारात उभा. अंगावर पाऊस.

तेल. तेलावर रेझिन कसं धरणार? हे पोरसवद्या कामगारालाही ठाऊक असतं. काळपट जागा, खालचा कोपरा, दीपालीचं नाक, कपडे, पहाटेचं फिरणं. सगळं माझ्या समोर होतं, आणि मी दीपकवर आणि ढगांवर खेकसत होतो. मी असिटोननं पुसत होतो म्हणजे तेल नुसतं पसरवत होतो.

राग आला. खोटं लिहीत नाही, असा राग आला की तो डबा हिसकावून खाडीत भिरकावावा. एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात त्यांनी सोडण खाली ठेवलं आणि बोटीला हात लावून तोच हात कपाळाला लावला.

मी मागे फिरलो. त्यांनी मला बघितलं नाही.

नंतर घरी येऊन ते पेजेला बसले आणि मला म्हणाले, “आज जोड बसंल ना रे?” मी म्हटलं, “बसेल, आबा.”

२५ जुलै

का सांगितलं नाही, याचा कालपासून विचार करतोय. दीपालीला सांगितलं. तिचं मत, सांगून टाका, लपवलेलं वाईट. पण सांगू काय? तुमच्या हातानं आईच्या नावाची बोट दोनदा बिघडली? जावई त्या बोटीवर जातात? उभ्या जन्मात ज्यांनी बांधलेल्या होडीनं कुणाला दगा दिला नाही, त्यांना हे मी सांगायचं? आणि त्यांना वाटतंय की त्यांच्या तेलामुळेच मी तरतोय. त्यांच्याकडे दुसरं काम तरी काय ठेवलंय मी.

भावोजींना मात्र कारण द्यायला हवं होतं. बोलावून सांगितलं, चूक माझी, रेझिन कडक व्हायला घालतात त्या हार्डनरचं माप चुकत होतं. ते मला आबांच्या देखतच बोलले. गोव्यात काय आठ वर्षं काजू सोलत होतास काय, असं. मी खाली मान घालून ऐकलं. आबा माझ्याकडे बघत होते. ते म्हणाले, “जावयबापू, पुरे.” कधी नाही ते आवाज चढवून.

शेडला फळ्यांचं दार लावलं आणि कुलूप. आबांना म्हटलं माकडं फार झालीत, डबे उलटे करतात.

“पावसात माकडा?” आबा म्हणाले.

“हो, हल्ली पावसातपण येतात.”

त्यांनी कुलपाकडे बघितलं. मग घराकडे वळले. बरं झालं.

दीपकला फोन करून सांगितलं, तुझं रेझिन चांगलं होतं, माझं तोंड खराब होतं. तो म्हणाला, “मग दोष कशात होता?” म्हटलं, हवेत. तो ‘बरं’ म्हणाला आणि डॉल्फिन कसा आहे ते विचारलं. म्हणजे माफ केलं असावं.

२८ जुलै

तीन दिवस धुतलं. गरम पाणी आणि साबणाची पावडर, मग असिटोन, दर वेळी नवं फडकं, एकाच दिशेनं पुसून फेकून द्यायचं. मग घासलं. तेल प्यायलेला थर पूर्ण काढला, त्याखालचाही. दीपालीला बोलावून वास घ्यायला लावलं. ती कुशीला नाक लावून हुंगत होती आणि मी शेजारी उभा. कुणी बघितलं असतं तर आम्हा दोघांना रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं असतं. ती म्हणाली, “आता कसलाच वास नाही.”

मग जोड टाकला. आतल्या बाजूनंही दोन थर जास्त दिले.

३० जुलै

टणटण. वर, खाली, मध्ये, कडेला. खालचा कोपरा चारदा वाजवला. पटाशी घालायला फटच सापडेना. तरी कडेला हातोडी मारून बघितली, तुकडा उडाला तो जुन्यासकट उडाला. जोड धरला. हातोडीनं पडलेला तो खड्डा मी आनंदानं भरला.

घरी येऊन आबांना सांगितलं, बसला जोड. ते “बरा झाला” म्हणाले आणि शेंगा सोलत राहिले. मला वाटलं होतं जास्त खूश होतील.

२ ऑगस्ट

काल बंदी उठली. वाडीतल्या बोटी गेल्या, इंजिनांचे आवाज सकाळभर येत होते. यमुनाई शेडमध्ये, जेलकोट सुकतोय. भावोजी किनाऱ्यावर उभे राहून दुसऱ्यांच्या बोटी बघत होते. मी त्या बाजूला गेलो नाही.

संध्याकाळी पडवीत आबा एकदम म्हणाले, “तुमच्या त्या चिकट्याला काय काय चालत नाय रे?”

मी कोयता घासत होतो. सहज म्हटलं, “पाणी चालत नाही. धूळ चालत नाही.” आणि पुढचा शब्द जिभेवर आलेला गिळला.

“आनि?”

“आणि काही नाही. बस्स एवढंच.”

“हां,” आबा म्हणाले. वेळेवर जीभ आवरली. थोडक्यात वाचलो.

४ ऑगस्ट

म्हातारपणी माणूस काय करेल नेम नाही. आबांनी मुशीच्या तेलाचा अख्खा डबा नारळाच्या मुळाशी ओतून टाकला. दीपालीनं बघितलं. वाडीत आता असं तेल कुणाकडे मिळत नाही. तिनं विचारलं तर म्हणाले, खवट झालं होतं.

शिवाय हात धुण्याचं एक खूळ शिरलंय. राखेनं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. दीपाली म्हणते दिवसातून कितीदा ते मोजायचं सोडलं तिनं. सकाळचं फिरणं बंद. जेवण पण कमी. गुडघे पुन्हा धरले असतील. पुनव झाली की पोफळीच्या डॉक्टरांकडे घेऊन जातो, तिथल्या औषधानं मामांना गुण आला होता.

७ ऑगस्ट

बोट पाण्यात उतरवून भावोजी आणि मी बाहेरपर्यंत जाऊन आलो. वाळूची पोती भरून, मुद्दाम उजवी कूस लाटांवर देत. मी आत हात लावून बसलो होतो. कोरडी. परत येताना भावोजी म्हणाले, “त्या दिवशी मी जरा जास्त बोल्लो.” म्हटलं, बोलण्यासारखंच होतं. सहा माणसांसाठी कुणी बोललंच पाहिजे.

घरी आबांना म्हटलं, उद्या तुम्ही या. ते म्हणाले, बघू.

८ ऑगस्ट

नारळी पुनव. दुपारच्या भरतीला बोट न्यायची ठरली होती. आबा येत नव्हते, ताईनं स्वतः येऊन हाताला धरून आणलं. पांढरा सदरा, टोपी. किनाऱ्यावर जरा लांबच उभे राहिले.

ताईनं हळदकुंकू लावलं. मग तेलाची वाटी पुढे केली. नारळ सोडायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसानं बोटीच्या तोंडाला तेलाचं बोट लावायचं, ही आमच्याकडची रीत. आजवर आबाच लावत आलेत. ताई म्हणाली, “आबा, तेल लावा.”

आबा हात पाठीमागे बांधून उभे. “जावयबापूच्या हातान लाव.”

“असा कसा? दरवर्षी तुमी लावता.”

“नको गो. माज्या हातान नको.”

मला वाटलं गुडघे. वाळूतून चालायचं म्हणून. मी आधार द्यायला गेलो तेव्हा मागे बांधलेले हात दिसले. घासून घासून लाल झालेले, नखांजवळ कातडी सोललेली. राखेनं आणि साबणानं.

तेव्हा कळलं. कुलूप, माकडं, “आनि?” आणि ओतून टाकलेलं तेल. मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते माझं लपवणं सांभाळत होते. किती दिवस एकटे घेऊन बसले असतील.  मला रडू आलं, लिहायला कसली लाज.

ताईच्या हातातली वाटी घेतली. आबांचा उजवा हात पाठीमागून पुढे आणला, उघडला, आणि त्या सोललेल्या तळव्यावर तेल ओतलं. म्हटलं, “लावा आबा. आता पक्की झालीय. आता तेल चालतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

“तुला ठाव व्हता,” ते म्हणाले.

“हो.”

“मंग जावयबापू बोल्ले ता तू आयकून घेतलंस.”

मी वाटी ताईला परत दिली. ताई आणि भावोजी बघत होते, त्यांना काही कळलं नसावं. आबा बोटीच्या तोंडाकडे गेले नाहीत. पाण्यात गुडघाभर उतरून उजव्या कुशीशी गेले. जोडावर बोटाच्या पेरानं ठोकलं. कान लावला. पुन्हा ठोकलं. मग हातातलं तेल त्या जागेवर लावलं, कडेकडेनं, मग मध्ये, हळूहळू, भावोजी भरती उतरतेय म्हणून सांगेपर्यंत.

नारळ सोडला. यमुनाई गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. परत येताना आबा म्हणाले, माळ्यावरची हत्यारं गंजली असतील, खाली काढून दे.

दीपाली म्हणते घरभर तेलाचा वास सुटलाय. मला येत नाही. जेवायला बसताना आबांनी हात एकदाच धुतले.